तीळ जाळण्याआधी तो कुणाला तरी दाखवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबच्या काउंटरवर एक बाई आल्या. घोडबंदर रोडला राहणाऱ्या, चाळिशीच्या आसपासच्या. कानाजवळ गालावर एक तीळ होता, तो त्यांनी वर्षभरापूर्वी पार्लरमध्ये मशीनने काढून घेतला होता. आता त्याच जागी काळपट ठिपका परत उगवला होता आणि या खेपेला त्याची कड वेडीवाकडी होती. "ताई, याचा रिपोर्ट काढून द्या ना," त्या म्हणाल्या. मी विचारलं, काढलेला तुकडा कुठं आहे? "तुकडा कसला? जाळलाच तो. जरासा धूर झाला, वास आला, संपलं."

मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही. रक्त-लघवीचा विभाग पुढे; आम्ही मागच्या खोलीत. आमच्याकडे येतात त्या छोट्या बाटल्या, फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या द्रावणात, बुडवलेला शरीराचा एखादा तुकडा असलेल्या. तो तुकडा मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. त्यामुळे जे जळून गेलं त्याबद्दल मी काहीच करू शकत नाही, हे त्या बाईंना सांगताना मलाच वाईट वाटलं.

लोकांचा गोंधळ मला समजतो. मोबाइलवर एखादा मेसेज येतो: तिळाचा कॅन्सर होतो, सावधान! सोबत गोऱ्यापान पाठीवरचे भयानक फोटो. आणि स्टेशनबाहेर पाटी असते: तीळ, मस, चामखीळ, पंधरा मिनिटांत, वेदना नाही. एकाने घाबरवायचं, दुसऱ्याने पंधरा मिनिटांत मोकळं करायचं. मधली पायरी, म्हणजे आधी नीट बघणं, दोघंही सांगत नाहीत.

तीळ म्हणजे असतं तरी काय

आपली कातडी म्हणजे दोन मजली इमारत समजा. वरचा मजला फार पातळ, बऱ्याच ठिकाणी वहीच्या कागदाएवढा. खालचा मजला जाड. रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या), नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, सगळा कारभार खालीच. वरच्या मजल्यावर पाइपलाइन नाही, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल. दोन्ही मजल्यांमध्ये एक पातळसा स्लॅब.

वरच्या मजल्यावर, या स्लॅबला टेकून, काही पेशी ठरावीक अंतराने बसलेल्या असतात. त्यांचं नाव मेलनोसाइट. आपण त्यांना रंगपेशी म्हणू. त्या मेलॅनिन नावाचा रंग बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. शेजारच्या पेशी तो रंग आपल्या केंद्रकावर छत्रीसारखा धरतात, म्हणजे उन्हातले अतिनील किरण आत पोचत नाहीत. सोसायटीच्या गेटवर एकेक वॉचमन बसलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला छत्री देतोय, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. गोऱ्या माणसाच्या आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसाच्या कातडीत या वॉचमनची संख्या साधारण सारखीच असते. फरक छत्र्यांचा.

तीळ म्हणजे यातले काही वॉचमन आपली जागा सोडून एका ठिकाणी गोळा होऊन बसलेत. गप्पा चालल्यात, चहा चाललाय. उपद्रव काही नाही. काही तीळ जन्मापासून असतात, बरेचसे बालपणी आणि तारुण्यात, पस्तिशी-चाळिशीपर्यंत येतात. सुरुवातीला सपाट आणि काळे, पुढे जरा उंच आणि फिके, आणि म्हातारपणी त्यातले काही आपोआप विरूनही जातात.

वय वाढतं तशा साध्या तिळाच्या पेशीही स्लॅब ओलांडून खालच्या मजल्यावर उतरतात. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. त्या खाली जाता जाता आकाराने लहान होत जातात, शांत होतात. मॅडम सूक्ष्मदर्शकातून आधी हेच बघतात: पेशी खाली उतरताना म्हाताऱ्या झाल्यात का? मेलनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, त्यात त्या खाली उतरतात पण म्हाताऱ्या होत नाहीत. तशाच दांडगट राहतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात. आणि खालच्या मजल्यावर पाइपलाइन आहे. एकदा ती सापडली की त्या पेशी काखेतल्या किंवा जांघेतल्या लसिकागाठींपर्यंत, फुप्फुसापर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतात.

म्हणून या आजारात तिळाच्या रुंदीपेक्षा खोली जास्त महत्त्वाची. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये ही खोली मिलिमीटरमध्ये मोजायची पद्धत मांडली आणि आजही रिपोर्टवर त्याचंच नाव असतं. एक मिलिमीटरपेक्षा उथळ असताना काढलेल्या मेलनोमाचे ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पुढच्या तीन-चार मिलिमीटरमध्ये चित्र झपाट्याने बदलतं. शाळेच्या पट्टीवरच्या त्या बारीक रेघा एकदा बघा, म्हणजे अंदाज येईल.

मग सगळेच तीळ काढून टाकले तर?

हा प्रश्न काउंटरवर नेहमी येतो, आणि तो वाटतो तितका वेडा नाही. पण दहापैकी साधारण सात मेलनोमा कुठल्याही जुन्या तिळातून निघत नाहीत. जिथे काहीच नव्हतं अशा स्वच्छ कातडीवर नव्याने उगवतात. त्यामुळे अंगावरचे तीसच्या तीस तीळ काढले तरी धोका काही संपत नाही. खिसा रिकामा होतो आणि अंगावर तीस व्रण राहतात.

दाखवायचा कोणता

१९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी लोकांना लक्षात राहावं म्हणून इंग्रजी मुळाक्षरांचा नियम केला, एबीसीडी. नंतर त्याला ई जोडला गेला. मराठीत सांगायचं तर: मधोमध घडी घातली तर दोन अर्ध्या एकमेकांवर बसत नाहीत, कड तुटक, नकाशातल्या किनाऱ्यासारखी आहे, एकाच डागात काळा, तपकिरी, लालसर, निळसर, पांढरा असे रंग आहेत, व्यास सहा मिलिमीटरच्या वर, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या खोडरबराहून मोठा आहे, आणि तो बदलतोय. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं. वीस वर्षं आहे तसा असलेला वाकडा तीळ मला फारसा घाबरवत नाही. तीन महिन्यांत बदललेला गोल, देखणा तीळ घाबरवतो. आपोआप रक्त येणारा, खपली धरून परत फुटणारा, चाळिशीनंतर नवीनच उगवलेला, हेही त्याच यादीत.

मला स्वतःला मुळाक्षरांपेक्षा दुसरी युक्ती आवडते. प्रत्येकाच्या तिळांचं एक घराणं असतं. कुणाचे सगळे बारीक काळे, कुणाचे मोठे फिकट. लग्नाच्या ग्रुप फोटोत ज्याला कुणीच ओळखत नाही असा एक पाहुणा उभा असतो ना, तसा जो तीळ बाकीच्या भावंडांशी जुळत नाही, तो दाखवायचा. मोजपट्टी लागत नाही आणि इंग्रजीही लागत नाही.

"आपल्याला थोडाच होतो, तो गोऱ्या लोकांचा आजार"

अर्धं खरं आहे. ऑस्ट्रेलियात दरवर्षी लाखामागे तीसहून अधिक लोकांना मेलनोमा होतो, भारतात लाखामागे एकालाही नाही. आपल्या छत्र्या दाट आहेत.

पण जो होतो तो भलत्याच जागी होतो. आपल्याकडचा मेलनोमा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, म्हणजे जिथे ऊन फारसं पोचतच नाही. त्यामुळे सनस्क्रीनचा इथे उपयोग नाही. आणि मोबाइलवर फिरणारे पाठीचे फोटो बघून आपण स्वतःची पाठ आरशात तपासत बसतो, चप्पल काढून पाय उलटा करून कुणी बघत नाही. गंमत अशी की तळपायावर तीळ दिसलाच तर घरातली आजी खूश होते, "परदेशी जाणार गं पोरगी."

गायक बॉब मार्ली याचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलनोमा सापडला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. १९८१ मध्ये तो गेला, तेव्हा ३६ वर्षांचा होता.

नखाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घाबरून येणारे इथे बरेच असतात आणि ज्यांनी यायला हवं ते येत नाहीत. सावळ्या लोकांच्या नखांवर उभ्या तपकिरी रेघा असणं अगदी नेहमीचं आहे. दोन-चार नखांवर, बारीक, वर्षानुवर्षं तशाच असतील तर सोडून द्या. एकाच नखावर, विशेषतः अंगठ्याच्या, नवीन रेघ आली, ती रुंद होत चालली, मुळाशी जाड आणि टोकाला बारीक दिसू लागली, किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला, तर थांबू नका. रंग कातडीवर उतरण्याच्या या खुणेला जोनाथन हचिन्सन या इंग्रज सर्जनचं नाव आहे.

आणि लोकलच्या दारात चिरडलेलं नख? त्याचा काळा डाग रक्ताचा. तो ओळखायची सोपी रीत म्हणजे वाट बघणं, पण फोटो काढून. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. रक्ताचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागे स्वच्छ नख दिसू लागतं. सहा-आठ आठवड्यांत डाग जागचा हलला नाही, तर तो रक्ताचा नाही असं धरून दाखवायला जायचं. पायाला लागल्याचं आठवतंय म्हणून निश्चिंत होऊ नका. पायाला तर सगळ्यांच्याच लागतं.

तळपायावरची न भरणारी जखम कुरूप समजून कापत बसणं, त्यावर कॉर्नची पट्टी लावणं हाही असाच प्रकार. कुरूप दाबाच्या जागी होतं, टणक असतं, काळं होऊन पसरत नाही.

तीळ नसलेले डाग

कातडीचे बाकीचे दोन मुख्य कर्करोग रंगपेशींचे नसतात, कातडीच्याच साध्या पेशींचे असतात. एक चेहऱ्यावर, नाकाच्या किंवा डोळ्याच्या आसपास येतो. मोत्यासारखी चमक असलेली छोटी गाठ, मध्ये खड्डा, अधूनमधून खपली. बेसल सेल कार्सिनोमा. आपल्याकडे तो बऱ्याचदा काळा असतो, त्यामुळे तीळ म्हणून खपून जातो. दूर पसरत नाही म्हटलं तरी चालेल, पण जागच्या जागी नाक, पापणी पोखरत जातो.

दुसरा स्क्वेमस सेल कार्सिनोमा. हा जुन्या जखमांवर डल्ला मारतो: लहानपणी भाजल्याचा व्रण, वर्षानुवर्षं वाहणारी पायाची जखम, कायम घासली जाणारी जागा. आणि इथे आपल्या भागाचा एक संदर्भ आहे. परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर लेख लिहून धोतराचा कर्करोग जगासमोर मांडला. तीस-चाळीस वर्षं कमरेला एकाच जागी धोतर करकचून बांधायचं, त्यात घाम, घर्षण, धूळ. कातडी आधी काळी-जाड होते, मग फुटते, आणि क्वचित तिथे हा कर्करोग होतो. पुढे परकराच्या नाडीखालीही तोच प्रकार आढळला. क्वचित, हे परत सांगते. कमरेवरचा काळा वळ बहुतेक बायकांना असतो आणि त्याचं काही होत नाही. पण त्या वळावर न भरणारी जखम किंवा गाठ आली तर मलम बदलत बसू नका. नाडी रुंद घ्या, सैल बांधा, जागा बदला. आईला हे तीनदा सांगून मी थकले, चौथ्यांदा तिने ऐकलं.

महिना-दीड महिना उपचार करूनही न भरलेली कातडीवरची कुठलीही जखम दाखवायची, एवढं एकच वाक्य या भागातून उचललंत तरी चालेल.

काळे नसलेलेही काही डाग दाखवण्यासारखे असतात. फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, आणि त्यावर सुती धागा फिरवला तर कळत नाही, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतं आणि आजार बरा होतो. लपवल्यामुळेच हात-पाय वाकडे होतात. काळी, मखमली झालेली मान साबणाने घासू नका, साखर तपासा; ते बहुतेकदा इन्सुलिनचं दुखणं असतं. वांग, शिबं, गजकर्ण यांना कर्करोगाशी काही देणंघेणं नाही, पण मेडिकलमधून विचारून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब त्यांवर चोळू नका. अशी बरीच मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. मिळतात, तो भाग वेगळा.

तिथे गेल्यावर होतं काय

लोकांना वाटतं, गेलो की कापणार. बहुतेकांचं काम पाच-दहा मिनिटांत, बघून होतं. डॉक्टर डागावर डर्माटोस्कोप धरतात. ही एक छोटी, दिवा असलेली भिंगाची दांडी, साधारण दहापट मोठं दाखवणारी. साध्या भिंगात कातडीची चकाकी आड येते, इथे ती घालवलेली असते, त्यामुळे वरच्या मजल्याच्या काचेतून आत डोकावल्यासारखं दिसतं.

तळपायाच्या तिळाचं तर मला फार नवल वाटतं. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या उंच रेघा आणि मधल्या चऱ्या असतात. शीळ-दिव्याकडची भाताची खाचरं आठवा: बांध आणि खाचर, बांध आणि खाचर. साध्या तिळाचा रंग खाचरांत साचलेला दिसतो. मेलनोमाचा रंग बांधांवर चढलेला असतो. जपानमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा फरक शोधला, आणि नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन काळे ठिपके भिंगाखाली असे वेगळे पडतात.

जाताना नेलपॉलिश काढून जा, हाताची आणि पायाचीही. चेहऱ्याला मेकअप नको. डाग कधीपासून, काय बदललं, घरात कुणाला झालाय का, हे आठवून ठेवा. दर महिन्याला शेजारी तेच नाणं ठेवून, त्याच उजेडात काढलेले फोटो असतील तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. कपडे काढून दाखवायला संकोच वाटत असेल तर बाई डॉक्टर मागा किंवा सोबत कुणाला न्या, पण कमरेखालचा डाग आहे म्हणून "हाताचाच दाखवला" असं करून घरी येऊ नका.

जायचं कुणाकडे? पाटीवर त्वचारोगातली पदवी बघा: एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल, डीव्हीडी यांपैकी काहीतरी हवं. नुसतं 'स्किन अँड हेअर क्लिनिक' किंवा 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खर्चाची अडचण असेल तर ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे; महापालिकेचं, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. खाडीपलीकडच्यांना नेरुळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. तिथल्या ओपीडीत रांग असते, सकाळी लवकर जायचं. कर्करोग निघालाच तर टाटाचं दुसरं केंद्र, ज्याला सगळे अ‍ॅक्ट्रेक म्हणतात, ते खारघरलाच आहे. पण पहिल्या तिळासाठी थेट तिथे धावायची गरज नसते.

फोनवरची अ‍ॅप? फोटो जपून ठेवायला उत्तम. निकाल द्यायला नाही. ती ज्या फोटोंवर शिकली ते बहुतांश गोऱ्या कातडीचे. आपल्या तळव्यावरची बांध-खाचरं त्यांनी किती पाहिली असतील, याची मला शंका आहे.

"सुई लावली की पसरतो"

हे मी रिक्षावाल्यापासून शाळेच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. समज कसा तयार होतो ते बघा. माणूस दोन वर्षं डाग अंगावर काढतो. शेवटी दाखवतो, तुकडा काढून तपासतात, कर्करोग निघतो, स्कॅनमध्ये तो फुप्फुसात गेलेला दिसतो. गावात निरोप जातो: तपासणी केली आणि पसरला. पसरला होता आधीच, कळला नंतर. तपासणीसाठी तुकडा काढल्याने मेलनोमाच्या रुग्णांचं आयुष्य कमी होतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. खात्री न करता जाळणं, अर्धवट खरवडणं, चुना लावणं, घोड्याच्या शेपटीचा केस बांधून पाडणं, यात मात्र खरंच नुकसान आहे. मूळ आत राहतं आणि मोजायची खोली राहत नाही.

मेलनोमाची शंका असेल तर शक्यतो अख्खा डाग, भोवतीची एक-दोन मिलिमीटर चांगली कातडी घेऊन, लंबगोल आकारात काढतात. मोठा असेल किंवा नाजूक जागी असेल तर एक भाग. जागा बधिर करतात, इंजेक्शनची टोच तेवढी जाणवते. चेहऱ्याचे टाके साधारण आठवड्यात निघतात, तळपायाचे दोन आठवडे राहतात आणि तेवढे दिवस चालण्याची पंचाईत होते, हे आधीच ध्यानात ठेवून रजा टाका.

मग बाटली आमच्याकडे येते. तुकडा रात्रभर फॉर्मेलिनमध्ये मुरतो. कडांना शाई लावतात, म्हणजे काठ कुठला ते नंतर ओळखता येतं. अल्कोहोलमध्ये ठेवून तुकड्यातलं पाणी काढायचं, मेणाची वडी करायची, आणि त्या वडीतून चार मायक्रॉनचे काप घ्यायचे. केस त्याच्या पंधरा-वीसपट जाड असतो. जांभळा आणि गुलाबी असे दोन रंग द्यायचे. साधारण आठवडाभर लागतो. शंका उरली तर आणखी विशेष रंग लागतात आणि आणखी चार दिवस जातात. रिपोर्ट लांबला म्हणजे वाईटच निघालं, असं नसतं. बऱ्याचदा मी कापलेली वडी पुन्हा कापत असते, एवढंच.

रिपोर्टवर 'बिनाइन' दिसलं की साधा. 'अटिपिकल' किंवा 'डिस्प्लास्टिक' म्हणजे पेशी थोड्या विचित्र, पण कर्करोग नाही. डॉक्टर पुन्हा थोडं काढायचं की लक्ष ठेवायचं ते ठरवतात. 'मार्जिन' म्हणजे ती शाईची कड. तिथपर्यंत पेशी पोचल्यात का नाहीत. इंटरनेटवर शोधण्याआधी एवढं वाचा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

"साधा निघाला तर पैसे पाण्यात"

साधाच निघतो, बहुतेक वेळा. रोज माझ्या हाताखालून जाणाऱ्या वड्यांमध्ये साध्या तिळांची, मसांची, चामखिळींची संख्या इतकी असते की मेलनोमा आला तर मॅडम स्वतः उठून मला बोलावून दाखवतात. आणि हौसेसाठी, लग्नाआधी, चेहऱ्यावरचा तीळ काढण्यात मला काही चूक वाटत नाही. फक्त काढण्याआधी भिंगातून बघून घ्या. आणि जे काढलं ते बाटलीत घालून पाठवा. लेझरमध्ये पाठवायला काही उरतच नाही, म्हणून रंग असलेल्या डागावर लेझरची घाई नको.

काउंटरवरच्या त्या बाईंचं काय झालं, ते राहिलंच. मी त्यांना ओपीडीचं नाव आणि वेळ लिहून दिली. दोन आठवड्यांनी त्यांच्या नावाची बाटली खरंच आली, आणि मला मॅडमच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह दिसलं. अर्धवट जाळलेला साधा तीळ व्रणाच्या आत पुन्हा उगवतो तेव्हा त्याच्या पेशी इतक्या विस्कटलेल्या दिसतात की तो मेलनोमासारखाच वाटतो. आमच्या धंद्यातली ही जुनी फसगत आहे. मॅडमनी बाटलीबरोबर आलेला कागद मागितला. एरवी त्यावरची आजाराच्या माहितीची ओळ रिकामीच असते. या वेळी ओपीडीतल्या कुणा निवासी डॉक्टरने बारीक अक्षरात लिहिलं होतं: एक वर्षापूर्वी पार्लरमध्ये जाळलेला. मॅडमनी स्लाइड पुन्हा लावली, व्रण कुठे संपतो आणि तीळ कुठवर आहे ते पाहिलं. विस्कटलेल्या पेशी व्रणाच्या हद्दीतच होत्या, एकही बाहेर नव्हती. रिपोर्ट साधा निघाला.